अर्धा गुण पदरात कसा पाडायचा: क्लबच्या स्पर्धेतली बरोबरी

बुद्धिबळात चौदाशे ते सतराशे रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा) खेळाडूंचे कितीतरी बरोबरीचे डाव हातचे जातात, आणि त्यातल्या बऱ्याच डावांत पटावर मोठी चूक झालेलीच नसते. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, पण चाल खेळून घड्याळ दाबलं आणि मग आर्बिटरला (पंचाला) हाक मारली. प्रतिस्पर्धी विचारात असताना ‘ड्रॉ?’ विचारून त्याला चिडवलं. नोंद मध्येच सोडली, त्यामुळे पन्नास चाली झाल्याचं दाखवता आलं नाही. आपोआप होणारी बरोबरी क्वचित येते. एरवी ती ठरावीक क्रमाने मागावी लागते, आणि मागण्याची वेळ येईपर्यंत पटावर तग धरावा लागतो. आधी कागद आणि घड्याळाची बाजू पाहू, मग पटावरची. नियम फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे आहेत, १ जानेवारी २०२३ पासून लागू असलेले.

ड्रॉ विचारायचा क्रम

चाल खेळा, तोंडाने ‘ड्रॉ?’ म्हणा, मग घड्याळ दाबा. क्रम एवढाच. त्यानंतर स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) त्या चालीपुढे कंसात बरोबरचं चिन्ह (=) टाका. प्रतिस्पर्ध्यानेही ते टाकायचं असतं. ही खूण नुसती शिस्त म्हणून नाही. कोणी वारंवार ड्रॉ विचारून त्रास देत असेल तर आर्बिटरसमोर पुरावा तोच.

दुसऱ्या कुठल्याही वेळी विचारलेला ड्रॉ बाद होत नाही, प्रस्ताव ग्राह्यच धरतात. पण समोरच्याचं घड्याळ चालू असताना विचारलं तर ते त्याला व्यत्यय आणणं ठरतं आणि आर्बिटर समज किंवा शिक्षा देऊ शकतो. स्वतःची चाल खेळण्याआधी विचारणं तर शुद्ध तोट्याचं आहे. समोरचा शांतपणे म्हणेल, ‘आधी चाल करा.’ मग तुमची चाल बघून तो ठरवेल, आणि तुम्हाला प्रस्ताव मागे घेता येणार नाही. उलट तुम्हाला कोणी असं विचारलं तर तुम्हीही हेच करा.

प्रस्तावाला अट जोडता येत नाही. तो स्वीकारला जाईपर्यंत, तोंडी नाकारला जाईपर्यंत किंवा समोरच्याने खेळण्याच्या हेतूने मोहऱ्याला हात लावेपर्यंत जिवंत राहतो. म्हणून प्रस्ताव तुम्हाला आला आणि विचार करायला वेळ हवा असेल तर हात पटापासून लांब ठेवा. घड्याळ तुमचं चालू आहे, पण घाई करायला नियम सांगत नाही.

हात पुढे आला की लगेच मिळवू नका. पाच-सहा तास चाललेल्या डावात एकजण ‘ड्रॉ’ समजून हात मिळवतो आणि दुसरा ‘हा हरला’ समजून, असे वाद खरोखर होतात. आधी निकाल मोठ्याने बोला: ‘ड्रॉ, अर्धा-अर्धा, बरोबर?’ मग घड्याळ थांबवा, दोन्ही स्कोअरशीटवर ½–½ लिहा आणि दोघांनीही दोन्हींवर सही करा. चुकीचा निकाल लिहून सही केलीत तर आर्बिटरने वेगळं ठरवेपर्यंत तोच निकाल उभा राहतो.

एक गोष्ट पहिल्या फेरीआधीच वाचून ठेवा: स्पर्धेचं परिपत्रक. काही ठिकाणी ३० किंवा ४० चालींआधी ड्रॉ ठरवायला बंदी असते. २००५ मध्ये सोफियातल्या एम-टेल स्पर्धेत खेळाडूंनी आपापसात ड्रॉ विचारायलाच मनाई होती, म्हणून अशा अटीला ‘सोफिया नियम’ म्हणतात. अशी बंदी असली तरी स्थितीची पुनरावृत्ती, स्टेलमेट (शह नाही, पण खेळायला चालही उरलेली नाही) आणि ५० चालींचा नियम चालूच राहतात.

तीनदा तीच स्थिती: क्लेम करताना हात आवरा

तीच स्थिती तीनदा आली की ड्रॉ क्लेम करता येतो, म्हणजे त्यावर दावा सांगता येतो. सगळ्यात जास्त घोळ इथे. आधी हे पक्कं करा की मोजायची ती स्थिती, चाली नव्हेत. स्थिती लागोपाठ यायला हवी असंही नाही. २२व्या, २९व्या आणि ४०व्या चालीला आली तरी चालते. पटावरची मोहरी त्याच घरांत हवीत, चाल त्याच बाजूची हवी, आणि सगळ्या शक्य चालीही त्याच हव्यात. पहिल्या वेळी कॅसलिंगचा (राजा आणि हत्तीच्या एकत्र चालीचा) हक्क होता आणि नंतर गेला, किंवा पहिल्या वेळी आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं जाता जाता) मारणं शक्य होतं, तर ती पहिली वेळ मोजायची नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. पांढरा वजीर एच५ वर, काळा राजा जी८ वर. काळ्याची ३०वी चाल नुकतीच झाली, खेळायचं पांढऱ्याने. ही पहिली वेळ, आणि बरेचजण नेमकी हीच मोजायला विसरतात.

३१. वजीर ई८ शह, राजा एच७
३२. वजीर एच५ शह, राजा जी८ (दुसरी वेळ)
३३. वजीर ई८ शह, राजा एच७
३४. वजीर एच५ शह, राजा जी८ (तिसरी वेळ)

आता क्लेम कोणी, केव्हा करायचा? काळ्याला हवा असेल तर त्याने ३४वी चाल पटावर खेळायची नाही. स्कोअरशीटवर ‘राजा जी८’ लिहायचं, घड्याळ थांबवायचं, आर्बिटरला बोलावून सांगायचं: ‘ही चाल खेळल्यावर तीच स्थिती तिसऱ्यांदा येते, मी ड्रॉ क्लेम करतो.’ लिहिलेली चाल बदलता येत नाही. काळ्याने ती खेळून घड्याळ दाबलं तर त्या स्थितीवरचा त्याचा हक्क संपला. आता तो पांढऱ्याचा. पांढऱ्याने ३५व्या चालीसाठी कुठल्याही मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवून सांगायचं की स्थिती आत्ता तिसऱ्यांदा आली आहे. खेळण्याच्या इराद्याने वजिराला बोट लागलं की त्या चालीपुरता क्लेम गेला.

क्लेम चुकला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात, आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. क्लेम मागे घेता येत नाही, पण तो ड्रॉचा प्रस्तावही धरला जातो, त्यामुळे समोरचा ‘ठीक आहे’ म्हणून डाव तिथेच संपवू शकतो. खात्री नसेल तर क्लेम करण्याआधी स्वतःच्या स्कोअरशीटवर तिन्ही जागांशी पेन्सिलीने बारीक टिंब करून मनातल्या मनात पट लावून बघा. तुमच्याकडे घड्याळात दर चालीला ३० सेकंदांची वाढ असेल तर एवढा वेळ निघतो.

ऑनलाइन खेळणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. काही साइटवर तिसऱ्या वेळी डाव आपोआप बरोबरीत संपतो. सभागृहात तसं होत नाही. तीच स्थिती पाच वेळा आली तरच कोणी न मागता डाव बरोबरीत सुटतो. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी तुम्ही मागितलं नाही तर काहीच घडत नाही.

पन्नास चाली, घड्याळ आणि नोंद

शेवटचं प्यादं हललं किंवा शेवटची मारामारी झाली, तिथून दोन्ही बाजूंच्या ५०-५० चाली मोजायच्या; तेवढ्या झाल्या की ड्रॉ क्लेम करता येतो. क्लेमची रीत वरचीच. ७५-७५ झाल्या की क्लेम न करताही बरोबरी, फक्त शेवटच्या चालीने मात झाली असेल तर मात खरी. हत्ती-उंट विरुद्ध एकटा हत्ती असा एंडगेम आला की प्रत्येक चालीचा क्रमांक नीट लिहा आणि ज्या चालीला शेवटचं मोहरं मारलं गेलं त्यापुढे ठळक खूण करा. बचाव करणाऱ्यासाठी हा नियम म्हणजे गळ्यातला ताईत.

दर चालीला ३० सेकंदांची वाढ असलेल्या डावात शेवटपर्यंत नोंद सक्तीची असते. वाढ त्याहून कमी असेल तर पाच मिनिटांच्या आत आल्यावर नोंद थांबवायची मुभा आहे. मुभा असली तरी शक्य तोवर लिहीत राहा, कारण नोंद नाही म्हणजे पुनरावृत्ती आणि पन्नास चाली दोन्ही सिद्ध करणं कठीण.

वाढ अजिबात नसलेल्या स्पर्धेत आणखी एक वाट असते, पण परिपत्रकात तसं जाहीर केलेलं हवं. तुमच्या घड्याळावर दोन मिनिटांपेक्षा कमी उरलं असेल आणि चाल तुमची असेल, तर दोघांनाही पाच सेकंदांची वाढ लावा अशी विनंती आर्बिटरकडे करता येते. ती मान्य झाली तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात. झेंडा पडायच्या, म्हणजे घड्याळातली वेळ संपायच्या आत बोललात तरच उपयोग.

झेंडा पडला आणि समोरच्याकडे मात करण्याइतकं बळ उरलं नसेल तर बरोबरी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. तपशील मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. निकष असा आहे: नियमात बसणाऱ्या कुठल्याही चालींनी, अगदी तुमच्याच मदतीनेही, मात होऊ शकते का? होऊ शकत असेल तर तुम्ही हरलात. समोर राजा आणि घोडा, तुमच्याकडे राजा आणि एक प्यादं, आणि झेंडा तुमचा पडला: हार. समोर राजा आणि दोन घोडे, तुमच्याकडे नुसता राजा: तरीही हार, जरी दोन घोड्यांनी जबरदस्तीने मात देता येत नसली तरी. समोर राजा आणि एकटा उंट, तुमच्याकडे नुसता राजा: तिथे मात अशक्यच, त्यामुळे ते मोहरं पटावर उरताक्षणी डाव संपलेला असतो.

विचारावा की खेळत राहावं

हिशेब कोरडा आहे, पण डोक्यात असू द्या. १५००च्या खेळाडूची १७००वाल्याशी गाठ पडली तर त्याच्याकडून ०.२४ गुणाची अपेक्षा असते. के-घटक (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) २० असेल तर बरोबरीने रेटिंगचे ५.२ गुण वाढतात, हरल्यास ४.८ जातात, जिंकल्यास १५.२ मिळतात. लहान मुलांचा के-घटक बहुतेक ४० असतो, म्हणून त्यांचे आकडे दुप्पट. मोठ्या रेटिंगवाल्याने तुम्हाला ड्रॉ विचारला तर तो स्वतःचे ५.२ गुण सोडायला तयार आहे. अशा वेळी हुरळून जाण्याआधी पटाकडे बघा; त्याला बहुधा काहीतरी खटकलेलं असतं.

स्विस पद्धतीत (दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ पडते) शेवटच्या फेरीतला अर्धा गुण आणि पहिल्या फेरीतला अर्धा गुण टेबलावर सारखेच दिसतात, पण पहिल्या फेरीत ड्रॉ घेतलात की पुढचे प्रतिस्पर्धी हलके मिळतात आणि टायब्रेकचा बुकोल्झ (प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, सारखे गुण झाल्यास क्रम ठरवायला) घसरतो. नॉकआऊटमध्ये तर बरोबरी म्हणजे निकाल पुढे ढकलणं. २०२५च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि विजेती रॅपिडमध्ये ठरली. आधीच ठरवून केलेल्या बरोबरीचा विचारही नको. आर्बिटरच्या लक्षात आलं तर दोघांनाही शून्य मिळू शकतो.

वाईट स्थितीतून बाहेर पडताना

क्लबमध्ये एक गैरसमज मूळ धरून बसलाय: ‘ड्रॉ हवा ना, मग मारामारी करत सुटा.’ असं करणारा स्वतःच समोरच्याची मोहरी पुढे आणून देतो. डी५ वर उंट मारलात की त्याचा घोडा आयता डी५ वर येऊन बसतो. एका प्याद्याने मागे असाल तर प्यादी मारून कमी करा, मोहरी ठेवा. सगळी प्यादी संपली की जादा घोडा किंवा उंटही एकट्याने मात देऊ शकत नाही. पुढे असलेल्याला उलट हवं असतं: मोहरी उडावीत, प्यादी राहावीत.

सगळ्यात महागडी मारामारी म्हणजे शेवटच्या मोहऱ्याची. हत्ती मारून राजा-प्याद्यांच्या एंडगेमला जाण्याआधी मोजा, अंदाज करू नका. चौकोनाचा नियम तेवढ्यासाठीच आहे: पांढरं प्यादं एच५ वर असेल तर एच५, एच८, ई८, ई५ हा चौकोन. काळ्याची चाल असताना त्याचा राजा या चौकोनात पाय टाकू शकला तर प्यादं हाती लागतं. प्यादं मूळ घरावर असेल तर ते एक घर पुढे आहे असं धरून चौकोन आखा, कारण ते दोन घरं उडी मारतं.

आता चार बचाव, जे घड्याळात एक मिनिट उरलेलं असतानाही हाताने आपोआप यायला हवेत.

राजा विरुद्ध राजा आणि प्यादं. पांढरा राजा ई५, प्यादं ई६. काळा राजा ई७, चाल काळ्याची. एकच चाल वाचवते: राजा सरळ मागे, ई८. पांढरा राजा डी६ वर आला की तुम्ही डी८, समोरासमोर. मग ई७ शह, राजा ई८, आणि पांढऱ्याला प्यादं सोडायचं नसेल तर राजा ई६ लागतो: स्टेलमेट. पहिल्याच चालीला डी८ वर गेलात तर पांढरा राजा डी६, तुम्ही ई८, प्यादं ई७, तुम्ही एफ७, राजा डी७ आणि वजीर झालाच. एफ८ वर गेलात तरी आरशातलं तेच चित्र. चूक का होते? खेळाडूला वाटतं, तिरपं सरकून पांढऱ्या राजाची वाट अडवू. वाट अडवायची ती त्याचा राजा पुढे आल्यावर, आधी नाही.

हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती. अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव येत नसेल तर हत्तीचे एंडगेम खेळूच नयेत, इतका तो उपयोगी. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळा राजा ई८, हत्ती ए६. काळ्याचा हत्ती सहाव्या रांगेवर उभा राहून पांढऱ्या राजाला पुढे येऊ देत नाही. पांढरा काही ठोस करत नाही तोवर तुम्ही ए६, बी६ अशा घरांवर हत्ती इकडेतिकडे हलवत राहा. तो प्यादं ई६ वर ढकलेल, त्याच क्षणी हत्ती पहिल्या रांगेवर न्या, उदाहरणार्थ ए१, आणि मागून शह देत राहा. राजा डी६, तर हत्ती डी१ शह. ई५, तर ई१ शह. एफ६, तर एफ१ शह. प्यादं सहाव्या रांगेवर गेल्यामुळे पुढे लपायला जागाच उरलेली नाही. प्यादं ई६ वर आल्यावरही हत्ती सहाव्या रांगेतच ठेवलात तर तेच प्यादं राजाची ढाल होतं: राजा ई५ वरून एफ६ वर येतो आणि एच८ वर मात दिसू लागते. उलट प्यादं ई५ वर असतानाच हत्ती मागे नेलात तर पांढरा राजा सहाव्या रांगेत घुसतो आणि साधा बचाव कठीण होऊन बसतो.

कडेचं प्यादं आणि हत्ती. चेक रचनाकार योसेफ वानचुरा याचा हा बचाव १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढरा हत्ती ए८, प्यादं ए६. काळा राजा जी७, हत्ती एफ६. काळ्याचा हत्ती बाजूने प्याद्यावर नजर ठेवतो, त्यामुळे पांढऱ्या हत्तीला ए८ सोडता येत नाही. पांढरा राजा प्याद्याच्या मदतीला बी५ वर आला की एफ५ वरून शह, राजा हटला की हत्ती पुन्हा एफ६. प्यादं ए७ वर ढकललं तर हत्ती लगेच ए६ वर, प्याद्याच्या मागे. इथून पुढे काळा राजा फक्त जी७ आणि एच७ वरच हलवायचा. एफ७ वर गेला की पांढरा हत्ती एच८ वर जातो. तुम्ही ए७ वरचं प्यादं मारलंत की एच७ वर शह, आणि मागचा हत्ती गेला.

चुकीच्या रंगाचा उंट. एच प्याद्याला बढती मिळते ते एच८ घर काळं आहे. पांढऱ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि फक्त एच प्यादं उरलं असेल तर काळ्या राजाने एच८ चा कोपरा गाठावा. तिथून त्याला कोणी हुसकू शकत नाही, जबरदस्ती केली तर स्टेलमेट होतो. ए प्याद्यासाठी ए८ पांढरं, म्हणजे तिथे काळ्या घरांचा उंट चुकीचा. उरलेल्या शेवटच्या इतर प्याद्यासाठी घोडा देऊन टाकायलाही इथे मागेपुढे पाहू नका.

बाकीचे थोडक्यात. विरुद्ध रंगांचे उंट असतील तर एक प्यादं कमी असणं सहसा पुरेसं नसतं. हत्तीच्या एंडगेममध्ये एकाच बाजूला चार विरुद्ध तीन प्यादी असतील तर आपली प्यादी एफ७, जी६, एच५ आणि राजा जी७ अशी मांडणी करा. एच५ मुळे समोरच्याला जी४ सहज खेळता येत नाही. आणि समोर वजीर असताना तुमचं सी प्यादं सी२ वर, राजा बी१ वर असेल व पांढरा राजा लांब असेल, तर वजिराने बी३ वर शह दिल्यावर राजा ए१ वर न्या. प्यादं मारलं की स्टेलमेट.

घरी गेल्यावर

संगणकाच्या इंजिनाने ०.०० (म्हणजे बरोबरी) दाखवलं म्हणजे स्थिती सोपी होती असं नाही. अनेकदा त्या एका चालीखेरीज बाकी सगळ्या हरत असतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून डाव पाहा आणि स्कोअरशीटवर लिहिलेल्या वेळा तपासा. दर पाच चालींनी घड्याळातली उरलेली वेळ समासात लिहायची सवय लावली तर कुठे दहा मिनिटं खर्ची पडली ते कळतं. नंतर इंजिन लावा. पटावर दोन्ही राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली असतील तर टेबलबेसमध्ये (कमी मोहऱ्यांच्या स्थितींची उत्तरं साठवलेल्या संग्रहात) ती स्थिती टाका. तिथे अंदाज नसतो, प्रत्येक चालीपुढे जिंकणं, बरोबरी किंवा हार असं स्पष्ट उत्तर मिळतं. ज्या चालीला उत्तर बदललं ती स्थिती आकृती काढून वहीत उतरवा, आणि पुढच्या क्लबच्या दिवशी पट मांडून ती एकदा हरणाऱ्या बाजूने आणि एकदा जिंकणाऱ्या बाजूने खेळून बघा.